लिची जरा मागे आहे

आमच्या वायनरीत तिला सगळे नाकवाली म्हणत. नाक मुरडणं तिला माहीत नव्हतं आणि नाकावर रागही नसायचा. नाकासमोर चालणारी साधी बाई. पण पिंपाचं बूच निघालं की ती लांबूनच सांगायची, "ही अजून झोपलीय, राहू द्या तिला." वाइन बाटलीत भरायची की नाही, यावर शेवटचा शब्द तिचा. मी बाटल्या भरण्याच्या विभागात होते. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो, त्यामुळे पुढचं बरंचसं मी तिच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

हे नाक तिच्या दादानं घडवलं. आईवडील लवकर गेले आणि दादानंच तिला वाढवलं. तो इथेच चाखणीला होता. शाळा सुटली की ती दप्तरासकट तळघरात यायची. दादा तिच्यापुढे ग्लास धरायचा. प्यायचं नाही, नुसता वास घ्यायचा.

"काय आलं?"

"फुलं."

"फुलं काय, कोणीही म्हणेल. कुठली फुलं?"

ती चुकली तर तो कधी हसला नाही. पण तिनं उगाच काही ठोकून दिलं की ग्लास काढून घ्यायचा. "ग्लासात नाही ते बोलायचं नाही. नाही कळलं तर नाही कळलं म्हण. त्यात लाज कसली?"

दादाचा जीव एका पांढऱ्या वाइनवर होता. गेवुर्झट्रामिनर. "नाव घेतानाच घशाला कोरड पडते, मग प्यावीच लागते," हा त्याचा ठरलेला विनोद. आम्ही आपलं गेवू म्हणायचो. हिच्या द्राक्षांच्या सालीला गुलाबी झाक असते, आणि वासाला तर लपणं माहीतच नाही. गुलाब, नुकतीच सोललेली लिची आणि मागून आल्याचा हलका चटका. नव्या माणसाला दादा समजावायचा, "फार गार करू नका, वास आखडून बसतो. ग्लासला जरा हाताची ऊब लागू द्या. आणि वासाला भुलू नका. नाकाला वाटतं सरबत आहे. जिभेवर आली की कळतं, अंगानं भारदस्त आहे, आंबटपणा नावाला, गोडी नाहीच, आणि जाताना किंचित कडू."

दर वर्षी नवी गेवू तयार झाली की बहीणभाऊ समोरासमोर बसायचे आणि भांडायचे. ती म्हणायची लिची पुढे आहे, तो म्हणायचा गुलाब. "तुझं नाक आहे की पाटीवरची पेन्सिल?" असलं काहीही. ते ऐकायला आम्ही हातातलं काम टाकून दारात उभे राहायचो.

मग दादाच्या डोक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं की गाठ पूर्ण काढता आली नाही. दादा घरी आला तो निम्मा होऊनच. त्याची खुर्ची नाकवालीकडे आली. कोणी अभिनंदन केलं की ती तिथून उठून जायची.

दर रविवारी दुपारी ती त्याच्याकडे जायची, पिशवीत गेवूची बाटली घेऊन. एखादा घोट चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते. दादा उशीला टेकून बसायचा, ग्लास हातात फिरवायचा आणि वास घेऊन बोलायला लागायचा. तेच शब्द, तोच थाट. घरी जाताना तिला वाटायचं, बाकी काही जावो, माझ्या दादाचं नाक शाबूत आहे.

एका रविवारी घोटाळा झाला. तळघरात नमुन्याच्या बाटल्यांना लेबल नसायचं, खडूची खूण असायची. घाईत तिनं शेजारची बाटली उचलली. ती मिश्रणासाठी ठेवलेली, पाणचट, आंबट पांढरी वाइन होती. वासाच्या नावानं शून्य.

दादानं ग्लास फिरवला. डोळे मिटून वास घेतला.

"वा! गुलाब बघ कसा उमललाय. पण यंदा लिची जरा मागे आहे."

तिनं आपला ग्लास नाकाशी नेला. गुलाब नाही, लिची नाही. ओल्या फडक्यासारखं काहीतरी. मान वर केली तर दादा तिच्याकडेच बघत होता, परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या असलेल्या पोरासारखा.

"हो दादा," ती म्हणाली. "लिची मागेच आहे."

त्यानं मग घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला, ग्लास खाली ठेवला आणि खिडकीकडे बघत राहिला. दमला असेल, असं तिला वाटलं.

स्वयंपाकघरात वहिनी भांडी पुसत होती. हिचा चेहरा बघूनच तिनं विचारलं, "कळलं ना तुला?"

"कधीपासून?"

"ऑपरेशन झाल्यापासून. परवा दूध करपून घरभर धूर झाला, ह्यांना पत्ता नाही."

"वहिनी, मला सांगायचं तरी!"

"शपथ घातली होती गं. म्हणाले, तिला कळलं तर ती येईल, पण बाटली आणणार नाही. मग आम्ही दोघं बोलायचं कशावर? रविवारी सकाळपासून आठवत बसतात, मागच्या खेपेला काय बोललो, आज काय बोलायचं. पाठ करतात अक्षरशः." वहिनीनं फडक्यानंच डोळे पुसले.

पुढच्या रविवारी नाकवालीनं योग्य बाटली नेली आणि बसल्याबरोबर म्हणाली, "आज मी आधी सांगते. तू चुका काढ." मग तिनं जे जे नाकाला आलं ते सावकाश सांगितलं. गुलाब कुठला, ताजा की सुकलेला. आलं किती, संत्र्याची साल कुठे लागते. दादा ऐकताना डोळे मिटायचा. मध्येच म्हणायचा, "आलं एवढं नसणार. नीट बघ." ती नीट बघायची, आणि बरेचदा त्याचंच खरं निघायचं. असे काही रविवार फार छान गेले, ती म्हणाली.

मग त्याला ग्लास धरवेना. ती चमच्यानं ओठ ओले करायची. अशाच एका दुपारी तो हळूच म्हणाला, "त्या दिवशी गेवू नव्हती ना?"

तिनं चमचा वाटीत ठेवला.

"नाक गेलंय, जीभ नाही गेली. आंबट लागलं की. पण मी आधीच गुलाब म्हणून बसलो होतो, आणि तू हो म्हणालीस." त्यानं तिचा हात चाचपला. "जन्मात पहिल्यांदा खोटं बोललीस चाखताना. तेही माझ्यासाठी."

"तू पण बोललासच की."

"मी बोललो त्याचं काही नाही. तुला बोलावं लागलं, ते लागलं मला."

ती त्याच्या उशीवर डोकं टेकून हमसून हमसून रडली. तो तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. त्यानंतर फार दिवस नाही काढले त्यानं. वहिनी उशाशी होती. ही कामावरून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या वर्षीची गेवू तयार झाली तेव्हा चाखणीला मालकांसकट सगळे जमले. नाकवालीनं वास घेतला, घोट घेतला, जे आलं ते चोख सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. "तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार," मालक म्हणाले. तिनं ग्लास ठेवला आणि ती बाहेर गेली. मी पाणी घेऊन मागोमाग गेले. पिंपं धुवायच्या नळापाशी ती पायरीवर बसली होती.

"फार सुरेख झालीय गं यंदा," ती म्हणाली. "आणि मला कोणी नाहीच म्हणत नाही."

मी शेजारी बसले.

ती अजून कामावर आहे. रविवारी वहिनीकडे जाते, पण हात हलवत. वहिनीला वाइन कधीच आवडली नाही. दोघी चहा पितात, गळक्या नळाबद्दल आणि शेजारणीच्या मुलीच्या नोकरीबद्दल बोलतात. दादाच्या खोलीचं दार वहिनी लोटून ठेवते. ते उघडायचा विषय अजून दोघींपैकी कोणी काढलेला नाही.