बाबूजींचं राहिलेलं लग्न

एकाहत्तरच्या लढाईत माझे वडील पकडले गेले आणि वर्षभर शत्रूच्या छावणीत कैदी होते. इकडे तिरोड्याजवळच्या आमच्या गावात तार आली ती 'बेपत्ता'ची. महिने गेले, आशा सुटली, घरच्यांनी तेरवी उरकली, मायचं कुंकू पुसलं. अन् एक दिवस हाडांचा सापळा होऊन बाबूजी स्टेशनावर उतरले! तेरवी झालेल्या माणसानं बायकोशी पुन्हा लग्न लावायचं, असं जाणत्यांनी सांगितलं. पण बाबूजींना धड उभंही राहवत नव्हतं. लग्न राहिलं ते राहिलंच. मध्ये आम्ही तिघं भावंडं झालो, हा भाग वेगळा.

छावणीतलं विचारलं की बाबूजी एकच गोष्ट सांगायचे. घोंगडं नेसून ते आमच्याकडच्या दंडारीतली, म्हणजे गावच्या नाच-नाटकातली, नवरी व्हायचे आणि उपाशी कैदी पोट धरून हसायचे. पुढं विचारलं की तोंडाला कुलूप.

यंदा डॉक्टर म्हणाले, हृदयाचं ऑपरेशन लवकर करा, नागपूरला. बाबूजी म्हणाले, "नाही." का, ते सांगेनात. मी चिडले, रडले, भांडले, म्हातारा ढिम्म! शेवटी माय चुलीपुढून उठली.

"माझं लगन बाकी हाये. आधी ते लावा, मंग मरा."

अगं बाई, मग काय धमाल उडाली! नातीनं आजीच्या हातावर मेंदी काढली, भावानं बाशिंग आणलं, अन् सत्तरी ओलांडलेल्या नवरीची करवली कोण, तर मी! मंगलाष्टकं म्हणणाऱ्या महाराजांना हसू आवरेना, दर दोन ओळींनी ते खोकल्याचं सोंग करत होते. बाबूजी तर कानापर्यंत लाल. "मले नवरी व्हाची सवय हाये," म्हणाले, "नवरदेवाची नाही."

अंतरपाट आम्ही भावाबहिणींनीच धरला होता. शेवटचं मंगलाष्टक उरलं, तोच माय बोलली, "थांबा महाराज." मग पडद्यापलीकडे बघून, "दवाखान्यात काऊन नाही जात, सांगा."

 पडद्याआडून बाबूजींचा आवाज आला.

"तिथं छावणीत ज्याले दवाखान्यात नेलं, तो वापस नाही आला. माझ्या बाजूचा गेला. त्याच्या बाजूचा गेला. मी तापानं फणफणत होतो, तरी नाचत राहिलो. बिमार दिसलो तं नेतीन मनून."

पन्नास वर्षं हे आम्हाला ठाऊक नव्हतं.  भावानं मान खाली घातली.

माय म्हणाली, "तवा मी नोती संग. आता हाये."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. मग बाबूजी खेकसले, "महाराज, लवकर आटपा. आमाले नागपूरले जा लागते."

अक्षतांचा नुसता पाऊस पडला, अन् हातातला अंतरपाट तसाच डोळ्यांना लावून मी भर मांडवात भोकाड पसरलं.