सहाशे जबडे आणि एक डिस्क

गल्लीत त्यांना सगळे कवळीकाका म्हणत असले, तरी गेल्या काही वर्षांत काकांनी कवळ्या फारशा केल्या नव्हत्या. दातांच्या टोप्या आणि ब्रिज हे त्यांचं खरं काम. दवाखाना त्यांचा नव्हता. तीन दंतवैद्य काम पाठवायचे आणि काका घराच्या मागच्या खोलीत बसून दात घडवायचे. आता 'बसून' म्हणायचं ते आपलं म्हणायचं. चहा उभ्यानं, फोन उभ्यानं, मेण तापेपर्यंत जिन्यावरून दोन फेऱ्या.

"यांच्या एका पायाला भिंगरी आहे," बायको सांगायची, "आणि दुसऱ्या पायाला तिची बहीण."

धंदा वडिलांचा. त्यांच्या काळी घरभर प्लास्टरचे जबडे असायचे. पाहुणे जेवायला बसले की फळीवरून चार जबडे त्यांच्याकडे बघत दात विचकायचे. सात वर्षांपूर्वी काकांनी स्कॅनर घेतला, प्लास्टर गेलं, आणि सगळे जबडे कपाटातल्या एका डब्यात जाऊन राहिले. डबा म्हणजे घरातल्या नेटवर्कला जोडलेला छोटा सर्व्हर. त्यात दोन डिस्क होत्या आणि दोन्हींवर तंतोतंत तेच. एक बिघडली तर दुसरी आहेच, असा हिशेब.

आता डबा भरला होता. काकांच्या बहिणीची मुलगी कॉम्प्युटरमधली. तिनं तोडगा सांगितला. दोन नव्या डिस्क आणायच्या, जुन्या जोडीतली एक काढून पुसायची, आणि या तिघींचा एक गट करायचा. जागा दुप्पट होते, शिवाय तिघींतली कुठलीही एक गेली तरी उरलेल्या दोघींवरून सगळं परत उभं करता येतं. मग एकट्या पडलेल्या जुन्या डिस्कवरून सगळं या गटावर कॉपी करायचं.

"पण मामा, कॉपी चालू असेपर्यंत सगळा माल त्या एकाच डिस्कवर असणार. म्हणून आधी एक प्रत बाहेर काढून ठेव. मी पुढच्या शनिवारी माझी मोठी डिस्क घेऊन येते."

"पुढच्या शनिवारी," काका म्हणाले.

एवढा आठवडा त्यांना कुठून निघणार! रविवारी सकाळी सातला बायको बहिणीकडे गेली आणि काकांनी कपाट उघडलं. आठ वाजता तीन डिस्कांचा गट तयार होता, कॉपी सुरू होती, आणि पडद्यावर लिहून आलं होतं: अंदाजे अकरा तास.

अकरा तास काही करायचं नव्हतं, आणि काही न करणं हे एकच काम काकांना जमत नव्हतं. त्यांनी हत्यारं पुसली. खिडकीची सैल कडी घट्ट केली. दर पाच मिनिटांनी पडद्याकडे बघितलं. नऊ टक्के. नऊ टक्के. दहा.

साडेअकराला डॉक्टरीणबाईंचा फोन आला. तिघा दंतवैद्यांतल्या या सगळ्यात जुन्या.

"शाळेतल्या खेळाच्या बाई आठवतात? दोन वर्षांपूर्वी तुम्ही त्यांची दाढ केली होती."

काकांना चेहरा आठवला नाही, पण खालचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले लगेच आठवले. "खालचे दोन फुली मारल्यासारखे. त्याच ना?"

"त्याच. काल स्कूटरवरून पडल्या. जबडा दोन ठिकाणी मोडलाय, वरचे चार दात गेलेत. उद्या सकाळी ऑपरेशन आहे. आधी वरचे-खालचे दात कसे मिटत होते ते सर्जनना बघायचंय. तुमच्याकडे दोन्ही जबडे असतील ना?"

"आहेत," काका म्हणाले आणि त्यांनी पडद्याकडे बघितलं. आहेत, पण त्या एकट्या डिस्कवर. कॉपी जुन्या वर्षापासून पुढे चालली होती आणि बाईंचं वर्ष शेवटाकडे होतं.

त्यांनी भाचीला फोन लावला आणि झालं ते सांगितलं.

"मामा, शनिवार ठरला होता आपला."

"मला बोल नंतर. आत्ता काय करू?"

"कॉपी थांबव. त्या बाईंचा फोल्डर आधी पेनड्राइव्हवर घे. मग पुन्हा सुरू कर. आणि डब्याला हात लावू नकोस, आतल्या तबकड्या फिरतायत, अगदी जागचा हलवू नकोस."

फोल्डर मिळाला. काकांनी दोन्ही जबडे पडद्यावर उघडून, फिरवून बघितले, चढलेले दात दिसल्यावर कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. रिक्षा करून ते पेनड्राइव्ह हॉस्पिटलात देऊन आले. सर्जन भेटले नाहीत; खिडकीतल्या नर्सनं पाकिटावर नाव लिहून घेतलं. बाकावर एक माणूस मांडीवर हेल्मेट घेऊन बसला होता. बाईंचा नवराच असावा. काका दोन पावलं त्याच्याकडे गेले आणि परत फिरले.

घरी आले तेव्हा दोन वाजून गेले होते. कॉपी साठ टक्क्यांवर. आणि कपाटातून आवाज येत होता. टक्. मग काही नाही. मग टक् टक्.

काका दाराशी गेले, परत आले, पाणी प्यायले. आवाज जुन्या डिस्कचा की डब्यातल्या पंख्याचा? कळलं तर बरं, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी डबा दोन्ही हातांनी धरला, जरासा तिरका केला आणि कान लावला.

आतून करकर असा आवाज आला, पाटीवर नख ओढल्यासारखा, आणि मग काहीच नाही. पडद्यावर लाल पट्टी. जुनी डिस्क सापडत नाही. त्रेसष्ट टक्के.

संध्याकाळी बायको आली तेव्हा काका खुर्चीत बसलेले होते. ते बघूनच ती घाबरली.

भाचीला त्यांनी सांगितलं, "आपोआप गेली गं. जुनीच होती." तिनं ती डिस्क उघडून माहिती काढणाऱ्या माणसाकडे पाठवली. बारा दिवसांनी उत्तर आलं: आतली तबकडी खरवडली गेली आहे, काही निघणार नाही. पहिल्या पाच वर्षांचं सगळं वाचलं होतं. शेवटच्या दोन वर्षांतले सहाशेच्या वर जबडे गेले होते. खेळाच्या बाईंचे तेवढे राहिले.

त्या बारा दिवसांत काका झोपेत दात खायचे. शेवटी एका सकाळी बायकोला म्हणाले, "मी हलवला होता डबा."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "तिला सांगा. आणि डॉक्टरांनाही सांगा. तेही फोनवर नको, जाऊन सांगा."

भाचीला सांगितलं तेव्हा ती रागावली नाही, नुसतं "ठीक आहे मामा" म्हणाली, आणि तेच त्यांना जास्त लागलं. मग काका तिन्ही दवाखान्यांत गेले. एका डॉक्टरांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि त्या महिन्यापासून काम पाठवणं बंद केलं. दुसरे हसले आणि म्हणाले, चला, आमच्याकडेही हाच गोंधळ आहे, प्रत कशी ठेवायची ते शिकवा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मला सांगायला एवढे दिवस का लावलेत?" मग स्वतःच सांगितलं, की खेळाच्या बाईंचा जबडा नीट जुळला, आता सूप सोडून मऊ भातावर आल्यात.

हल्ली डब्याची एक प्रत भाचीच्या घरी असते, दर आठवड्याला ताजी होते. शनिवारी काका स्कॅनर पिशवीत घालून डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात जातात. त्या दोन वर्षांतलं कुणी तपासणीला आलं असेल, तर त्याचे जबडे पुन्हा टिपून घेतात. परवा एक निवृत्त पोस्टमास्तर खुर्चीत होते.

"माझे आहेत की तुमच्याकडे," ते म्हणाले. "मागच्या वर्षी तर घेतलेत."

"होते," काका म्हणाले. "माझ्या हातून गेले."

"बरं," म्हणून पोस्टमास्तरांनी तोंड उघडलं.