दुमडलेल्या पत्रिकेएवढी फट

इंजिन घसरलं तेव्हा त्याच्यामागे काजूकतलीचे तीन डबे होते. तिन्ही डबे कमळाच्या हौदात गेले. हौदापलीकडे शामियान्यात दुर्गहून आलेले समधी, म्हणजे होणारे व्याही, बसले होते, हात पुढे करून.

"वानखेडेजी!" सेठजी ओरडले. "ये क्या है?"

वानखेडे म्हणजे मी. बावीस वर्षं एका कारखान्याच्या सायडिंगवर, म्हणजे मालगाडी कारखान्याच्या आत आणणाऱ्या खासगी रुळांवर, ट्रॅक सुपरवायझर होतो. नंतर लोकांच्या बगीच्यात छोटी रेल्वे बसवून द्यायला लागलो. हसू नका. रायपूरमध्ये ज्याच्याकडे बगीचा आहे त्याच्याकडे हौसही असते, आणि हौसेला रूळ लागतात. शंकर नगरच्या या सेठजींना स्वयंपाकघरापासून शामियान्यापर्यंत मिठाई रेल्वेने यायला हवी होती. मुलीच्या साखरपुड्याला समध्यांवर छाप पडावी म्हणून.

छाप पडली.

या गोष्टीला चार वर्षं झाली. त्या दिवशी मी जे बोललो ते खोटं होतं.

रूळ मी जानेवारीत टाकले होते, अंगात स्वेटर घालून. हे रूळ पितळेचे असतात, हातभर लांबीचे तुकडे. दोन तुकडे जोडायला छोटी पट्टी असते. आम्ही तिला फिशप्लेटच म्हणतो. रूळ पट्टीत जरासा सरकला पाहिजे आणि दोन तुकड्यांमध्ये फट राहिली पाहिजे. उन्हात धातू लांबतो, त्याला जागा लागते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. सायडिंगवर नव्या लोकांना मी यावर लेक्चर दिलेलं आहे, दोनदा चहा पाजून.

पण सेठजी म्हणाले, "खटखट नहीं चाहिए, वानखेडेजी. एकदम मक्खन."

मी म्हणालो, "हो जाएगा. बड़ी लाइन जैसा कर देंगे."

मोठ्या लाइनीवर मैलभर लांब वेल्ड केलेले रूळ असतात, सांधाच नाही. ते जागेवर राहतात, कारण रुळांखालचे सिमेंटचे जड स्लीपर आणि गिट्टीचे ढीग त्यांना धरून ठेवतात. इथे स्लीपर प्लास्टिकचे आणि गिट्टी म्हणजे फरशीवाल्याकडची उरलेली चुरी. तरी मी सगळे सांधे फट न ठेवता सोल्डर केले. भिंतीलगतच्या सरळ पट्ट्याची दोन्ही टोकं सिमेंटच्या प्लॅटफॉर्मात स्क्रूने आवळली. बावीस वर्षांची अक्कल मी त्या बगीच्यात पुरली, वर चुरी पसरली.

हे एका माणसाने पाहिलं. बिसाहू, सेठजींचा माळी, अभनपूरचा. अभनपूरवरून जी छोटी लाइन जायची, तिच्यावर त्याचा बाप रूळ सांभाळणारा गँगमन होता. बिसाहू उकिडवा बसला, सांध्यात नख घालून पाहिलं. नख जाईना.

"साहेब, जघा नइ छोड़ेव? गरमी मा उठ जाही."

जागा नाही ठेवली, उन्हात उठेल. चार शब्दांत माझं अख्खं लेक्चर.

मी म्हणालो, "बिसाहू भैया, तुम गुलाब देखो. पटरी हम देख लेंगे." आणि वरून हसलो.

साखरपुडा मे महिन्यात होता, भर दुपारी. भिंतीलगतचा रूळ वीतभर बाहेर आला होता, पोट सुटलेल्या माणसासारखा. मला पाहताक्षणी कळलं. सेठजींना काही कळलं नाही. ते समध्यांकडे पाहत होते.

"किसी ने पैर रखा क्या इस पर?" त्यांनी विचारलं.

रुळाशेजारी पाण्याचा पाइप पडलेला होता. मी त्या पाइपाकडे पाहिलं.

"पाइप खींचा होगा किसी ने," मी म्हणालो.

किसी ने! त्या बगीच्यात पाइपाला हात लावणारा माणूस एकच होता. तो तिथेच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सोल्डरकडे. सेठजींनी सगळ्या समध्यांसमोर त्याला सांगितलं, "कल से मत आना." अकरा वर्षांची नोकरी, कढी वाढून होण्याआधी संपली.

पुढच्या आठवड्यात मी सांधे कापले. फट मोजायला गेज नव्हता. साखरपुड्याची एक पत्रिका पडली होती, ती दुमडून प्रत्येक सांध्यात घातली. तेवढी फट पुरते. रूळ पुन्हा उठला नाही. सेठजी म्हणाले, "वानखेडेजी का काम पक्का है." त्यांच्या शब्दावर तेलीबांध्याला दोन बगीचे मिळाले. दोन्हीकडे माळी होते आणि दोन्हीकडे पाइप होते.

शेवटी चौथ्या वर्षी बायकोने विचारलं, "बगीच्यातून आले की जेवत काहून नाही तुम्ही? पोटात काय घेऊन फिरून राहिले?"

सांगितलं. तिचं लाटणं थांबलं.

"मंग मले काय सांगून राहिले? त्याले सांगा ना."

अभनपूरला गेलो. बिसाहू एका नर्सरीत कलमं बांधत होता. मी पाठ केलेलं सगळं बोललो. त्याने सुतळीची गाठ मारली, मग मान वर केली.

"त मोला काबर बतावत हव, साहेब? मोला त मालूम रिहिस. सेठ ला बतावव. समधी मन बइठे रहंय तब."

मला कशाला सांगता, मला ठाऊकच होतं. सेठला सांगा. समधी बसलेले असतील तेव्हा.

समधी बसले नातवाच्या छठीला, म्हणजे जन्मानंतरच्या सहाव्या दिवसाच्या कार्याला. तोच शामियाना, तीच गाडी. मला मिठाईची फेरी सांभाळायला बोलावलं होतं. मी गाडी थांबवली, उभा राहिलो आणि बोललो. सोल्डर, जानेवारी, पाइप, सगळं. दुर्गच्या थोरल्या समध्यांनी एवढंच विचारलं, "मतलब काजूकतली आपने डुबाई?"

"हव," मी म्हणालो.

सेठजी दातांतून बोलले, "वानखेडेजी, ये बात आज ही बोलनी थी?"

"नहीं, सेठजी. चार साल पहले बोलनी थी."

सेठजींचं काम गेलं. तेलीबांध्याचे दोन्ही फोनही आले, आज नको, उद्या नको, असे. बिसाहूला सेठजींनी परत बोलावलं. तो आला, पण नोकरीवर नाही. त्याची खुरपी राहिली होती शेडमध्ये, ती घ्यायला. माझे स्क्रू-क्लॅम्प तिथेच पडले होते म्हणून मीही आलो होतो. जाताना तो भिंतीलगत बसला, सांध्यात नख घातलं. नख गेलं.

"अब बने हे." आता ठीक आहे, म्हणाला, आणि खुरपी कमरेला खोचून बस पकडायला गेला. माझ्याशी हात वगैरे मिळवला नाही.

थंडीत रूळ टाकणार असाल तर दुमडलेल्या पत्रिकेएवढी फट ठेवा. पत्रिका नसेल तर माळ्याला विचारा.