सिंगापुरात दस्ती टाकून धरलेली जागा

माह्या नातीनं, निकितानं, दोघींची तिकिटं काढली होती. तिचं अन् माहं. चार दिवस सिंगापूर. निकिता पुण्याले कंपनीत आहे. निघायच्या आठवड्यातच तिचा फोन आला, "आजी, सुट्टी नामंजूर झाली वं. आता कॅन्सलच करा लागते."

मी तवा गच्चीवर वाळवणाच्या खारोड्या घालून राह्यली होती. कोपरापर्यंत हात बाजरीच्या पिठात. म्हटलं, "तुही सुट्टी गेली. माही कुठी गेली?"

ती हसली. मंग हळूच म्हणे, "एकटी जाशीन?"

"जातो ना."

माहा लेक दिनकर बाजूलेच उभा होता. तो म्हणे, "आई, तू बुलढाण्याच्या स्टँडवर हरपतं. तिकडं काय करशीन?"

हे काही खोटं नव्हतं. आमच्या धाडच्या बाजाराच्या दिवशी बुलढाण्याची गाडी आली का गर्दी अशी तुटून पडते का काही सांगू नका. आमचे मालक, म्हणजे निकिताचे आबा, गर्दीतून पुढं जायचे अन् खिडकीतून दस्ती टाकायचे. दस्ती म्हणजे रुमालच, पण मोठा, निळ्या चौकटीचा, गळ्यात टाकायचा. ज्या बाकड्यावर दस्ती पडली ती जागा आपली. मंग मले म्हणायचे, "तू सावकाश ये, जागा म्या धरतो." चाळीस वर्षं मी सावकाशच गेली. त्यायले जाऊन चार वर्षं झाली. तवापासून मी गाडीत एक तर उभी राहतो, नाही तर जातच नाही.

दिनकर शेवटी म्हणे, "जा. पण कुठी अडली का निकिताले फोन कर, अन् पहिल्या विमानानं वापस ये." मी हाव म्हटलं. पेटीतून दस्ती काढली अन् पिशवीत ठेवली. तिचा एक कोपरा इस्त्रीनं जळेल आहे. तो माह्याच हातानं जळाला होता. त्यावरून मालक आठ दिवस मले "इस्त्रीवाली बाई" म्हणत होते.

आता ज्यायले जायचं आहे त्यायच्यासाठी सांगतो. धाडहून बुलढाण्याले जीप. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून, मोताळ्यावरून मलकापूर. मलकापूरले रेल्वे, थेट मुंबई. निकिता मुंबईच्या विमानतळावर आली, सगळे फारम तिनंच फोनवर भरले, अन् हॉटेलचा पत्ता इंग्रजीत लिहून माह्या पोलक्याले पिनेनं लावून देल्ला. भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी सोबत घ्या. विमानात जे देतात ते गोड का तिखट हे शेवटपर्यंत समजत नाही. च्युइंगम नेऊ नका, तिकडं बंदी आहे. मले तर चार दाढा नाहीत, त्या कायद्याचं मले काही दुःख नाही. अन् विमानतळावर चाकाची खुर्ची मागून घ्या. मले लाज वाटली, मी नाही मागितली, अन् अर्धा कोस चालली.

चालता चालता मी एकदम थांबली. विमानतळाच्या मधातच धबधबा. घराच्या आत. वरती काचेचं छत अन् त्याच्या बरोबर मधातून पाणी खाली येऊन राह्यलं. भोवताल झाडं, अन् झाडायच्या मधून एक रेल्वे निघून जाते. मी पिशवी मांडीवर घेऊन तिथंच बसली. पाण्याचा आवाज ऐकता ऐकता मले वाटलं, मी अजून धाडलेच आहे, गच्चीवर, अन् दुपारची डुलकी लागली आहे.

जमिनीखालच्या रेल्वेनं शहरात गेली. तिले डायवरच नाही. सगळ्यात पुढं काच, अन् काचेजवळ मी. भुयारातले दिवे येऊन राह्यले, जाऊन राह्यले. पाहणाऱ्याले वाटलं असंल, लुगड्यातली बाईच गाडी चालवून राह्यली. तिकिटाचं सोपं आहे. निकितानं कार्ड देल्लं होतं, ते दारावर टेकवायचं, दार उघडते.

हॉटेल लिटल इंडियात. तिथं मोगऱ्याचे गजरे मिळतात, डोसा मिळतो, अन् कोणी ना कोणी हिंदी बोलणारं भेटते. सकाळी खिडकीतून पाह्यलं तर समोर वीस माळ्याची इमारत, अन् प्रत्येक माळ्यावरून बांबू बाहेर काढेल, त्याच्यावर कपडे वाळत घालेल. हवेत. एखादं पातळ उडून गेलं तर कोण्या गावाले जाऊन पडंल कोण जाणे. मी चहा पीत मोठा वेळ कपडेच पाह्यले. लाल, पिवळे, लेकरायचे, म्हाताऱ्यायचे. घरोघरचं सारखंच.

दुसऱ्या दिवशी समुद्राकडच्या बागेत गेली. तिथं लोखंडाची झाडं आहेत, ताडाच्या दुप्पट-तिप्पट, अन् त्याच्या अंगावर खरे वेल चढेल. झाडाखाली फिराले तिकीट नाही. काचेच्या घराले आहे, अन् ते महाग आहे, पण मी म्हणीन घ्या. आत डोंगर. डोंगरावर फुलं. अन् थोड्या वेळानं सगळीकडून ढग निघतात, पायाशी येतात, कमरेपर्यंत चढतात. श्रावणात राजूर घाटात ढग उतरतात ना, बिलकुल तसे. तिथं एस्टी कण्हत चढते अन् कंडक्टर म्हणते, "खिडक्या लावा." इथं सगळं चुपचाप. माह्याजवळ एक गोरी बाई डोळे मिटून उभी होती. मीही मिटले. शाल न्या, आत थंडी आहे.

बाहेर आली तवा भूक लागेल होती. तिथल्या लोकायचे जेवणाचे बाजार असतात. मोठ्ठं छप्पर, कडेनं दुकानं, मधात टेबलं अन् जमिनीत रोवेल गोल बाकडे. दुपारची वेळ, हापिसाची गर्दी. एक जागा रिकामी नाही. अन् जी रिकामी दिसे तिथं कागदी रुमालायचं छोटं पाकीट पडेल. एक पोरगी आली, टेबलावर पाकीट टाकलं, अन् बिनघोर निघून गेली रांगेत.

मले कोणी सांगा लागलं नाही. मी पाह्यल्याबरोबर ओळखलं.

पिशवीतून दस्ती काढली. चार पावलांवर एक बाकडा रिकामा होता, टेबलावर एक म्हातारा पेपर वाचून राह्यला होता. मालक टाकायचे तशी दुरून टाकली. पहिल्या बारीले खाली पडली. उचलून परत टाकली, ती बरोबर बाकड्यावर. म्हाताऱ्यानं पेपराआडून पाह्यलं अन् मान हालवली.

रांगेत माह्यापुढं एक सरदारजी होते, वयानं माह्याएवढे, तिथंच जन्मेल. त्यायनं हिंदीत विचारलं, "माताजी, वेज?" मी म्हटलं, "अंडा भी नही." त्यायनं माह्यासाठी भात, शेंगा, अन् पनीरासारखं दिसते पण पनीर नाही असं काही घेऊन देल्लं.

ताट घेऊन वळली, अन् तिथंच चुकी समजली. एस्टीले पाटी असते. धाड, चिखली, मेहकर. दस्ती कोण्या गाडीत टाकली ते पाटी सांगते. इथं शेकड्यानं टेबलं, सगळे एकसारखे, अन् मी काही खूण पाह्यलीच नव्हती.

एक चक्कर मारली. दुसरी मारली. मधून मधून हातमोजे घातलेल्या बाया गाडे घेऊन फिरत होत्या, टेबल खाली झालं का फटाफट सगळं उचलत होत्या. एका गाड्यात मले निळं फडकं दिसलं. मी एका हातानं ताट धरलं अन् दुसऱ्या हातानं ते फडकं ओढलं. ती बाईही म्हातारीच होती. तिनं फडकं उलगडून दाखवलं. टेबल पुसायचं होतं. मंग तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं, अन् गाडा तिथंच सोडून माह्यासोबत फिरू लागली. काय शोधतो ते तिले माहीत नाही, तरी टेबलांखाली वाकून पाहे.

सरदारजी मागून आले. "माताजी, घर पे फोन लगाऊँ?"

फोन लावला असता तर निकिता घाबरली असती, दिनकरले समजलं असतं, अन् पहिलं विमान. पण खरं सांगतो, मले विमानाची भीती नव्हती. दस्ती गेली तर घरी काय घेऊन जाऊ, हेच डोक्यात. म्हटलं, "रुको भैया, एक मिनिट."

डोळे मिटले. दस्ती टाकली तवा तळेल केळ्याचा वास आला होता. मंग वासामागं निघाली. डावीकडं, पंख्याखालून, खांबाच्या पलीकडं.

पेपरवाला म्हातारा गेला होता. त्याच्या जागी तीन पोरी बसून जेवत होत्या. आजूबाजूले ताटं घेऊन माणसं उभी, जागेसाठी माना लांब करून. अन् चौथ्या बाकड्यावर माही दस्ती, जशी पडली तशीच, जळका कोपरा वरती. अर्धा घंटा झाला असंल. टेबलावरची माणसं बदलली, दस्तीले कोणी बोट लावलं नाही.

सरदारजी म्हणे, "मर्दाना रुमाल है. साहब आ रहे हैं? उनकी जगह है?"

"नही भैया. मेरी जगह है. मैंनेच डाली थी."

बसली. दस्ती मांडीवर अंथरली. भात थंडगार होता, अन् मी शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. गाड्यावाली बाई दुरून हात दाखवून गेली. समोरच्या पोरीनं कागदी रुमालाचं पाकीट पुढं केलं, मी दस्तीनंच डोळे पुसले.

उरलेले दोन दिवस मी नुसती भटकली. नदीकाठी बसली, नावा पाह्यल्या. जेवाले रोज त्याच बाजारात, अन् रोज दस्ती टाकून. खांब मोजून ठेवायची मात्र.

दिनकर बुलढाण्याले घ्याले आला होता. धाडची गाडी लागली. तो म्हणे, "आई, तू थांब, मी चढतो." तोपर्यंत माही दस्ती खिडकीतून आत गेली होती. चढून पाह्यलं तर एक जाडे बाप्पू तिच्यावरच बसेल.

"भाऊ, ही जागा धरेल आहे."

"रुमालानं कायले जागा भेटते, माय? माणूस लागते."

"सिंगापूरले अर्धा घंटा राह्यली. कोणी हात नाही लावला."

"मंग सिंगापूरच्या एस्टीत बसाचं होतं ना."

सगळी गाडी हसली. तोही हसला, अन् खिडकी सोडून सरकला. दस्तीची घडी करून त्यानंच माह्या हातात देल्ली. दिनकर दांडा धरून उभा होता. घरी येईपर्यंत माह्याकडंच पाहत होता.

लोक विचारतात, काय आणलं. गजऱ्याचा दोरा, रेल्वेचं कार्ड, फोनात ढगायचे फोटो. फोटोत ढग दिसत नाहीत, नुसतं पांढरं दिसते. पण दुपारी खारोड्या पालटता पालटता मधातच मले पाण्याचा आवाज येते, अन् हात थांबते.

काल शेजारची कौसल्या आली. तिची लेक संभाजीनगरले दिली आहे, तीन वर्षं झाले, ही एकदाही गेली नाही. म्हणे, "मले एकटीले गाडीत चढणं होत नाही, बाई. तू येशीन का संग?"

"येतो ना. कधी?"

"सोमवारी. पण मले पळणं होत नाही, गुडघे धरतात."

दस्ती दाराच्या खिळ्याले लटकेल होती. मी काढून खांद्यावर टाकली.

म्हटलं, "तू सावकाश ये, कौसल्ये. जागा म्या धरतो."