सासऱ्यांचा अमर पत्रा

माझ्या सासऱ्यांच्या मते लोखंडी पत्र्याला मरण नाही. माझ्या मते त्याला वेळच्या वेळी रंग मारला नाही, तर तो घरातल्या माणसांआधी जातो. या एका मतभेदावर आम्ही दोघांनी लग्नानंतरचे सगळे सण कापडे गावातल्या त्यांच्या घरात मजेत घालवले.

सासरे, म्हणजे आबा, मुंबईची नोकरी संपवून गावी परतले ते माकडांवर सूड उगवायचं ठरवूनच. डोंगरातून टोळी यायची, कौलांवरून धावायची आणि दर वर्षी निम्मी कौलं फुटायची. आबांनी कौलं उतरवली आणि जस्ती पत्रे घातले. तेव्हापासून आल्यागेल्याला चहाच्या आधी पत्रे दाखवले जात. आबा काठीने खालून पत्रा वाजवत आणि म्हणत, "आयकलात आवाज? याला काय करायला लागत नाय."

मी महाडचा, नोकरी बिरवाडीजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात. तिथल्या हवेत पत्रा कसा झडतो ते रोज बघत होतो. त्यामुळे पत्रा या विषयात माझ्याइतकं कुणाला कळत नाही, अशी माझी खात्री होती. (खात्रीचा तुटवडा मला कधीच पडलेला नाही.) घराच्या मागच्या उतारावर फणसाचं झाड ओणवलं होतं. त्याचा पाचोळा पत्र्यावर साचायचा आणि पावसाळाभर तिथे चिखलासारखा बसायचा.

"आबा, त्या पाचोळ्याखाली पत्रा सडतोय. झाडून, घासून रेड ऑक्साईडचा लाल रंग मारायला हवा," मी दर सणाला म्हणायचो.

"जावईबापू, पत्रा हाय तो. केळं नाय सडायला," आबा दर सणाला म्हणायचे.

त्या वर्षी मे महिन्यात माझ्या धाकट्या मेव्हणीला, सुमनला, बघायला बिरवाडीचे पाहुणे यायचे होते. आधीची दोन स्थळं काही ना काही कारणाने फिस्कटली होती, त्यामुळे सासूबाईंनी देव पाण्यात घालायचे तेवढे बाकी ठेवले होते. माझी बायको रेखा मला म्हणाली, "अहो, आजच्या दिवस पत्र्याचं काढू नका."

पण पाहुणे यायचे होते दुपारनंतर, आणि रंगाचा डबा तर मी महाडहून घेऊन आलो होतो. मी मागच्या अंगणातून शिडी लावली आणि चढलो. मी काय चुकतोय ते जवळून बघता यावं म्हणून आबाही मागोमाग चढले.

अर्धी बाजू रंगवून झाली असेल, तोच दारात जीप थांबली. पाहुण्यांना पोलादपूरहून परस्पर गाडी मिळाली होती आणि ते सकाळीच हजर झाले होते. माझे हातपाय लाल, आबांच्या अंगावर फाटकी बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. चांगले कपडे घरात, आणि घरात पाहुणे.

सासूबाई मागच्या दाराशी येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "दोघं हायत तसं वर बसा. चपला काढा, वाजतात. मी सांगेन तवा उतरा."

चपला काढल्या आणि कळलं, की मे महिन्यातल्या पत्र्यावर चपला माणूस हौसेने घालत नाही. मी एकदा हा पाय उचलायचो, एकदा तो. आबा तेच करत होते, पण चेहरा असा की पत्रा अगदी गार आहे.

"आबा, सावलीत चला," मी कुजबुजलो.

सावली होती फक्त फणसाखाली. आम्ही रांगत गेलो आणि पाचोळ्यावर बसलो. ज्या जागेवरून मी इतकी वर्षं डोकं पिकवत होतो, नेमकं तिथेच मी सासऱ्यांना हाताला धरून नेऊन बसवलं, हे माझ्या मुळीच लक्षात आलं नाही.

खाली ओटीवर उकडायला लागलं म्हणून सासूबाईंनी पाहुण्यांना माजघरात, पंख्याखाली बसवलं. म्हणजे बरोबर आमच्या खाली. मुलाच्या आजोबांना जरा कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते सगळं मोठ्याने बोलत आणि आम्हाला शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

"मुलीचं वडील दिसत नाय?" आजोबांनी विचारलं.

सासूबाईंना खोटं बोलता येत नसे. त्या म्हणाल्या, "ते वर गेलेत."



"अरेरे," आजोबा म्हणाले. "आन थोरले जावई?"

"ते पण त्यांच्याबरोबरच."

"दोघं? एकदम?"

"हो, आज सकाळीच," सासूबाई म्हणाल्या.

आजोबांनी टोपी काढली, असं मला नंतर रेखाने सांगितलं. सासूबाईंच्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघून त्यांना काही सुचेना, असंही ती म्हणाली.

आपल्याला जिवंतपणी मारलं, हे आबांना सहन झालं नाही. "मी जिता हाय," असं पुटपुटत ते ताडकन उठले आणि त्यांचा उजवा पाय मांडीपर्यंत पत्र्यात गेला. त्यांना ओढायला मी पुढे झालो. माझाही गेला.

खाली सुमन चहाचा ट्रे घेऊन नुकतीच आली होती. पाहुण्यांच्या डोक्यावर पाचोळा आणि गंजाचा चुरा पडला आणि छतातून दोन पाय लोंबू लागले, एक काळा, एक लाल. शेवटी सासूबाईंनीच डोक्यावरचा पदर सारखा करून ओळख करून दिली.

"हे काळे आमचे हे. आणि लाल ते जावई."

पत्र्याच्या कडा सुरीसारख्या. हललो असतो तर पाय सोलून निघाला असता. मला खरोखर घाम फुटला. तेवढ्यात नवरा मुलगा अनंत स्टुलावर चढला, टॉवेल गुंडाळून त्याने कडा एकेक करून खाली वाकवल्या आणि म्हणाला, "घाबरू नका, मी सावकाश वर ढकलतो. आधी मोठ्यांचा." आबा सुटले. मग मी सुटलो, नडगीवर एक लांब ओरखडा घेऊन. पोलादपूरच्या दवाखान्यात इंजेक्शन घ्यावं लागलं ते मलाच.

मागच्या शिडीने उतरून मी परस्पर दवाखान्यात गेलो असतानाच सुमनने रेखाच्या कानात सांगितलं, हाच मुलगा चालेल. आणि आजोबा म्हणाले, "वर गेलेली माणसं परत खाली आली. या घराला आता नको कसं म्हणायचं?"

पावसाच्या आत नवे पत्रे चढले. आबांनी हार मानली नाही. "पत्रा चांगला होता. जावयाचं वजन जास्त पडलं," ते सगळ्यांना सांगत.

"आबा, पहिला पाय तुमचा गेला."

"पाय माझा, पण वजन तुमचं."

दिवाळीनंतर लग्न झालं. नवा सफारी, पॉलिश केलेले बूट अशा थाटात मी मांडवाच्या दाराशी पाहुण्यांच्या स्वागताला उभा होतो. आजोबा आले, माझ्या तोंडाकडे बघत राहिले, पण ओळख काही पटेना. "मी थोरला जावई," मी दोनदा मोठ्याने सांगितलं. तरीही नाही. शेवटी मागे रांग लागली, म्हणून मी बूट-मोजा काढला, पँट जरा वर केली आणि उजवा पाय पुढे धरला.

"हां," आजोबा म्हणाले, "तुमी होय! तोंड नवीन वाटलं."