ड्रोनकडे पाठ करून

उसावर औषध फवारणारा ड्रोन मी चालवतो. काम निपाणीच्या आसपासच्या गावांतून, आणि राहायला बेळगावात, खासबागेत एक खोली. ड्रोन उडत असताना सगळ्यांनी लांब राहायचं असा नियम आहे. त्यामुळे माणसं बांधावर बसून आपसांत बोलतात आणि मी शेताच्या एका कोपऱ्यात एकटा उभा असतो. सकाळी बसमध्ये तिकीट मागितल्यावर संध्याकाळपर्यंत धड चार वाक्यं बोललो नाही, असे दिवस पुष्कळ जातात.

ड्रोनला पुढची बाजू असते, तिला आम्ही नाक म्हणतो. ते आपल्यापासून दूर जात असेल तोवर सगळं सोपं. हातातल्या रिमोटची काडी उजवीकडे ढकलली की ड्रोन उजवीकडे जातो. पण नाक आपल्याकडे करून तो परत यायला लागला की त्याची उजवी आपली डावी होते. प्रशिक्षणात बाकीची मुलं हा हिशेब डोक्यात करायची. मला जमेना. माझ्या घरात माझ्याआधी कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. अडलं तर विचारायची सवयच नव्हती. मी आपला एक उपाय काढला. ड्रोनचं तोंड जिकडे, तिकडेच माझं तोंड. तो माझ्याकडे यायला लागला की मी त्याच्याकडे पाठ करायची आणि खांद्यावरून मान वळवून बघत राहायचं. म्हणजे त्याची उजवी तीच माझी उजवी.

गावोगाव यावर हसतात. "सासरला निघाल्यागत मागं वळून वळून बघतंय बघा," असं एका बाईनं म्हटलेलं मी ड्रोन उतरल्यावर ऐकलं. मला राग आला नाही. कुणीतरी माझ्याविषयी बोललं होतं.

त्या दिवशी गुडघाभर वाढलेल्या उसात तणनाशक मारायचं होतं. रुंद पानाचं तण मारणारं औषध. उजवीकडे लागूनच शेजारच्या विधवा आक्काची तंबाखूची कोवळी लावण होती, आणि तंबाखूचं पान रुंद. या औषधाचा नुसता फवारा उडाला तरी पान आकसतं. तंबाखूचं एक पान म्हणजे काय, हे मला कुणी शिकवावं लागत नाही; आईनं विड्या वळून मला बी.एस्सी. केलंय. एरवी मोकळ्या शेतात ड्रोन आखून दिलेल्या नकाशावर आपोआप फिरतो, पण बांधाजवळचा शेवटचा पट्टा मी स्वतःच्या हातानं उडवायचं ठरवलं.

ड्रोन माझ्याकडे येत होता. मी पाठ करून उभा. तेवढ्यात उसाचे मालक आप्पा बाजूनं चहा घेऊन आले.

"मास्तर, च्या घ्या. सकाळधरनं उपाशी हाईसा."

वडीलधारं माणूस बोलत असताना पाठ करून उत्तर द्यायचं, हे मला जमत नाही. आणि खरं सांगायचं तर दिवसभरात माझ्याशी बोललेले ते पहिलेच. मी त्यांच्याकडे पुरता वळलो, "ठेवा आप्पा, आलो," म्हणालो, आणि पुन्हा ड्रोनकडे पाहिलं. आता माझं तोंड सरळ ड्रोनकडे होतं. माझ्या पद्धतीत याचा अर्थ एकच, ड्रोन दूर चाललाय. वाऱ्यानं तो थोडा उजवीकडे सरकला होता, म्हणून मी काडी डावीकडे ढकलली. तो आणखी उजवीकडे गेला. मी घाबरून जास्त ढकलली. तो बांध ओलांडून तंबाखूवर गेला तेव्हा मला कळलं, नाक अजून माझ्याकडेच होतं. पंप बंद केला, पण तोवर चार ओळी भिजल्या होत्या.

आप्पांनी इकडेतिकडे बघितलं. "गप ऱ्हावा. कुणी बघितलं न्हाय. करपा रोग पडला म्हणंल आक्का."

आक्का लावणीच्या पलीकडच्या टोकाला खुरपत होती. ड्रोन उतरवून मी तिच्याकडे गेलो. जाताना वाक्य जुळवत होतो, पण तोंडातून एवढंच आलं, "आक्का, माझ्या हातनं औषध तुमच्या तंबाखूवर पडलंय."

तिनं खुरपं खाली ठेवलं. "किती?"

"चार ओळी."

"मग हितं काय हुबा ऱ्हायलाईस? शिकलाईस न्हवं? काय करायचं सांग की!"

पानं लगेच पाण्यानं धुतली तर थोडी वाचतील, असं मी म्हणालो. खात्री नव्हती. आप्पांनी पाण्याची मोटार चालू केली. मी आणि आक्कानं घागरी भरभरून एकेक रोप वरून धुतलं. रिकामी घागर ती माझ्या हातात द्यायची आणि पुढच्या रोपाकडे वळायची.

औषधाचा परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. ते दिवस मी खोलीत काढले. आईला फोन लावला, पण तिला तब्येतीचंच विचारून ठेवून दिला. चौथ्या दिवशी काम नव्हतं तरी बस पकडून गेलो.

आक्का बांधावरच होती. उसाला लागून असलेल्या दोन ओळींची पानं दोरीसारखी पिळवटली होती. आतल्या दोन ओळी सरळ होत्या.

"ह्या दोन गेल्या," ती म्हणाली. "त्या दोन हाईत अजून."

मी खाली बसून पिळवटलेली रोपं उपटायला लागलो. तीही दुसऱ्या ओळीत बसली. दोघांचंही तोंड मातीकडे. ओळ निम्मी झाल्यावर तिनं विचारलं, "घरात कोण कोण असतंय रं तुझ्या?"

मी सांगायला लागलो.