दोनशे चौदावा भाग

कारखान्यात मला सगळे 'तंतोतंत' म्हणायचे. माझ्या पाठीमागे म्हणायचे, पण मला माहीत होतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडायचंही. तिथल्या सुट्या भागांच्या भांडारात मी बत्तीस वर्षं काढली. खिडकीतून चिठ्ठी यायची, मी भाग मोजून द्यायचो, आणि संध्याकाळी मोजणी जुळल्याशिवाय कुलूप लावायचो नाही. लाखभर भाग या हातांतून गेले असतील. त्यातला एकही मी कशात बसवलेला नाही, हा बारीकसा तपशील निवृत्त झाल्यावर मी सोयीनं विसरलो.

बायकोचं तसं नाही. ती जे करते ते येतं म्हणून करते. पन्नाशी उलटल्यावर ती गाडी चालवायला शिकली आणि आता बायकांना शिकवते. एक जुनी छोटी गाडी आणि चार विद्यार्थिनी, एवढाच पसारा, पण त्यात तिचा जीव आहे. ती गाडी धूर ओकायला लागली. गॅरेजवाला म्हणाला, पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, इंजिन उघडावं लागेल. ती गाडी त्याच्याकडे सोडायला निघाली, तर मी आडवा आलो. म्हटलं, घरात माणूस असताना बाहेर कशाला? विद्यार्थिनींपैकी एक नर्स होती, तिची लायसन्सची परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती, त्याची बायकोनं आठवण करून दिली. मी चार दिवस पुरेत म्हणालो. उंटावरच्या शहाण्याला खालची जमीन जवळच वाटते.

शेजारच्या प्लंबरच्या साखळी-कप्पीनं इंजिन बाहेर काढलं आणि पुढच्या खोलीत आणून ठेवलं. माझी पद्धत मात्र नामी होती. जमिनीवर मोठे पांढरे कागद अंथरायचे, निघालेला भाग त्यावर ठेवायचा, भोवतीनं पेन्सिल फिरवायची आणि भाग तिथंच सोडायचा. नावं लिहिली नाहीत. म्हटलं, आपल्याला कोणता भाग ओळखू येत नाही? तीन दिवसांत इंजिन सुटं झालं, रिंगा बदलल्या, आणि जोडणीआधी मी सवयीनं मोजणी केली. आकृत्या दोनशे चौदा भरल्या आणि भाग दोनशे तेरा. एका कागदावर कोटाच्या बटणाएवढं वर्तुळ रिकामं होतं.

पहिला प्रश्न तोंडातून निघाला तो म्हणजे आज इथं झाडू कोणी मारला. घरात आम्ही दोघंच, आणि झाडूला माझा हात लागल्याचं कुणी पाहिलेलं नाही, तेव्हा उत्तर काय ते उघडच होतं. बायको म्हणाली, कडेकडेनंच मारला, पण गेलाही असेल. तिनं कचऱ्याचा डबा कागदावर उपडा केला. रोज जमिनीवर आडवी होऊन टॉर्चनं कपाटाखाली बघू लागली. तीन वर्षांपूर्वी हरवलेला माझा चष्मा सापडला. भाग काही सापडला नाही.

मी तो कागद घेऊन स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो आणि वर्तुळावर बोट ठेवून म्हटलं, हा द्या. दुकानदार भला माणूस. म्हणाला, काका, इंजिनात गोल नाही असं असतं काय? तरी मी सहा वस्तू उचलून आणल्या. वर्तुळात बसत होत्या, इंजिनात एकीलाही जागा नव्हती. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यानं अक्कल शिकवली. म्हणाला, सरळ जोडायला घ्या, जी जागा रिकामी राहील तीच सांगेल काय हरवलंय ते. मी म्हटलं, मोजणी जुळल्याशिवाय मी कामाला हात लावत नसतो. त्यानं मला कोपरापासून हात जोडले.

असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सकाळी बायको आतल्या खोलीत फोनवर बोलत होती. एकेका विद्यार्थिनीला सांगत होती की तुम्ही दुसरी शिकवणी बघा, माझ्यासाठी अडून राहू नका. चौथा फोन झाल्यावर ती बराच वेळ बाहेर आली नाही. मला स्वतःची लाज वाटली. म्हटलं, गेली ती मोजणी खड्ड्यात, आणि जोडायला बसलो.

क्रँक बसला, पिस्टन बसले. मग तेलाचा पंप घेतला. त्यात तेलाचा दाब सांभाळणारा एक पोलादी तुकडा असतो, करंगळीच्या पेराएवढा, नळीसारखा. तो आपल्या आकृतीत आडवा पडला होता. पुसला, आणि दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून समोरच्या कागदावर उभा ठेवला. तो त्या वर्तुळात चपखल बसला.

मग आठवलं. खोलताना मी तो आधी उभाच रेखला होता. तेवढ्यात बेल वाजली. परत आल्यावर वाटलं कलंडेल, म्हणून दुसऱ्या कागदावर आडवा ठेवला आणि पुन्हा रेखला. हरवलं काहीच नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. मी तर नसलेल्या कळशासाठी बायकोला गावभर फिरवलं होतं.

आता नुसतं 'सापडला' म्हटलं असतं तरी भागलं असतं. कपाटामागं होता, हे वाक्य तयारही होतं. तेवढ्यात ती टॉर्च घेऊन आली आणि गुडघ्यांवर हात ठेवत कपाटापाशी खाली बसू लागली. माझ्याच्यानं बघवेना. मी तिला सगळं सांगितलं.

तिनं वर्तुळ पाहिलं, शेजारचा लांबट चौकोन पाहिला.

"तुमची मोजणी चुकली असेल, हे आठ दिवसांत एकदाही मनात आलं नाही," ती म्हणाली. "माझा झाडू मात्र पहिल्याच दिवशी आठवला."

मी ते वर्तुळ खोडलं आणि उरलेलं इंजिन जोडायला बसलो.

दुसऱ्या दिवशी इंजिन गाडीत चढलं. तिनं किल्ली फिरवली, दुसऱ्या खेपेला सुरू झालं. "धूर नाही," एवढंच ती बोलली. तिघी विद्यार्थिनी दुसरीकडे गेल्या होत्या. नर्सचं काही कळलं नव्हतं, आणि परीक्षेला दोन दिवस उरले होते. मी चप्पल घातली आणि तिचं घर गाठलं. बत्तीस वर्षांत न उच्चारलेलं वाक्य वाटेत चारदा घोकलं.

दार तिनंच उघडलं. मी म्हटलं, "गाडी तयार आहे. भाग हरवलाच नव्हता. मोजण्यात माझी चूक झाली. मॅडमचा यात काही दोष नाही."

ती गोंधळली. "पण काका, मॅडमनी तर सगळ्यांना सांगितलं, भाग माझ्याच हातून हरवला. आमच्यातली एक तुमच्यावर चिडली, तर तिला म्हणाल्या, त्यांना बोल लावू नका, त्यांची मोजणी कधी चुकत नाही."